मे महिन्याची सुट्टी आणि आल्प्समधील बंद घाट

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पर्यटन पुरवणीत गेल्या काही महिन्यांत आल्प्समधील मोटारप्रवासाचे जे आराखडे प्रसिद्ध झाले, ते मी आवडीने वाचले. झुरिकला गाडी भाड्याने घ्यावी, रोज एक नवे गाव करावे आणि आठवडाभरात स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया व इटली पाहून परतावे, असे त्यांचे साधारण स्वरूप होते. सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई आणि महाविद्यालयात जाणारी मुलगी यांना घेऊन आम्ही पती-पत्नी जूनच्या अखेरीस त्या भागात गाडीने फिरून आलो आहोत आणि तो प्रवास आमच्या घरात सर्वांच्याच मनात घर करून राहिला आहे. तेव्हा या आराखड्यांत राहून गेलेली एक महत्त्वाची बाब वाचकांपुढे यावी, असे मनापासून वाटते. गाडी कधी आणि कुठपर्यंत न्यायची, हे तिथे डोंगर आणि डोंगरातली गावे ठरवतात. पर्यटकाने आपली आखणी त्याप्रमाणे करायची असते.

पहिला प्रश्न सुट्टीचाच आहे. आपल्याकडे शाळा एप्रिलच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत बंद असतात, त्यामुळे मराठी कुटुंबे बहुतांशी मे महिन्यात निघतात. परंतु आराखड्यांत ज्यांची छायाचित्रे हमखास असतात ते फुर्का (२,४२९ मीटर), ग्रिमझेल, सुस्टेन आणि इटलीतील स्टेल्व्हिओ (२,७५७ मीटर) हे घाट ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बर्फामुळे बंद होतात, ते मेअखेरीस किंवा जूनमध्ये, त्या वर्षी बर्फ किती पडले आहे यावर अवलंबून, पुन्हा खुले होतात. म्हणजे आपली सुट्टी आणि त्या घाटांची बंदी नेमकी एकाच वेळी येते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात 'अँडरमाटहून फुर्कामार्गे' असा मुक्काम ठरवून हॉटेलचे पैसे भरलेल्या कुटुंबाला पायथ्याशी रस्ता बंद असल्याचा फलक पाहावा लागतो, आणि मग मुलांना व वडीलधाऱ्यांना गाडीत बसवून आयत्या वेळी दुसरी वाट शोधावी लागते. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनाही हाच धोका असतो. गणपतीच्या आसपास, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, हे घाट सहसा खुले असतात.

घाट टाळण्याची सोयही तिथे फार विचारपूर्वक केलेली आहे. कांडरश्टेगहून आम्ही गाडीसकट रेल्वेच्या सपाट डब्यावर चढलो, इंजिन बंद केले, आणि १९१३ साली खुल्या झालेल्या सुमारे साडेचौदा किलोमीटरच्या लोच्बर्ग बोगद्यातून, गाडीतच बसून, पलीकडच्या गोपनश्टाइनला उतरलो. हा बोगदा बाराही महिने चालतो. गोपनश्टाइनपासून वर लोचेनताल नावाचे खोरे सुरू होते आणि त्याच्या वरच्या टोकाला ब्लाटन हे गाव होते. २८ मे २०२५ रोजी वरची बिर्च हिमनदी कोसळली आणि बर्फ, खडक व चिखल यांच्या लोंढ्याखाली हे गाव जवळजवळ संपूर्ण गाडले गेले. नदी अडून तयार झालेल्या तळ्यात उरलीसुरली घरेही बुडाली. मात्र वरचा कडा ढासळत असून त्याचे दगड हिमनदीवर साचत आहेत, हे पाहणीत दिसताच आठवडाभर आधीच तिथल्या सुमारे ३०० रहिवाशांना, आणि त्यांच्या गुरांनाही, बाहेर काढण्यात आले होते. जीवितहानी एका माणसाची झाली. माळीण (२०१४) आणि इर्शाळवाडी (२०२३) ज्यांच्या स्मरणात आहेत, त्यांना या वेळेवर दिलेल्या इशाऱ्याचे मोल सांगावे लागणार नाही. तिथला बंद रस्ता किंवा रिकामे केलेले गाव पाहून वैतागणाऱ्या पर्यटकाने ब्लाटन आठवावे, असे मला वाटते.

पुढे मॅटरहॉर्नच्या पायथ्याचे त्सेरमाट लागते. पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना या गावात प्रवेश नाही. गाडी पाच किलोमीटर अलीकडे टेश येथे ठेवायची आणि बारा मिनिटांच्या रेल्वेने वर जायचे. गावात विजेवर चालणाऱ्या चौकोनी, अरुंद गाड्या आणि घोडागाड्या तेवढ्या दिसतात. माथेरानला दस्तुरी नाक्यावर गाडी सोडून चालू लागण्याची सवय असलेल्या आपल्या लोकांना हा नियम मुळीच परका वाटू नये. तरीही अनेक आराखड्यांत 'सायंकाळी त्सेरमाटमधील हॉटेलात गाडीने आगमन' असे लिहिलेले असते. सासूबाईंना चालणे होईल का, ही आम्हाला काळजी होती. प्रत्यक्षात टेशच्या वाहनतळापासून फलाटापर्यंत सामानासाठी हातगाड्या होत्या, गाडीत चढायला पायरी जवळजवळ नव्हतीच, आणि वर पोहोचल्यावर वाहनांचा आवाज नसलेल्या रस्त्यावर त्या आमच्यापेक्षा अधिक निवांत फिरल्या.

मला सर्वांत अधिक सांगायचे आहे ते फुर्काविषयी. ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून चढत गेल्यावर ग्लेच नावाची वस्ती येते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ऱ्होन हिमनदीचे टोक येथे तळापर्यंत उतरलेले होते. आज तिथे उघडा खडक आहे आणि बर्फ कितीतरी वर, वळणावळणाच्या रस्त्याच्या माथ्याशी गेले आहे. त्या बर्फात दरवर्षी एक गुहा कोरतात आणि ती वितळू नये म्हणून उन्हाळ्यात वर पांढऱ्या जाड कापडाची आच्छादने घालतात. जवळून पाहिले की ती मळकी, ठिकठिकाणी फाटलेली दिसतात आणि त्यांच्या कडेने पाण्याच्या धारा सतत वाहत असतात. हिमनदी वाचवण्याचे बळ त्या कापडात नाही, हे कोणालाही कळते. मुलांना तापमानवाढ म्हणजे काय ते येथे धड्याशिवाय कळेल. म्हणून छायाचित्र काढून लगेच पुढे न निघता थोडा वेळ थांबावे.

याच रस्त्यावर आम्ही पिवळ्या टपाल बसचा कर्णा ऐकला. आंधळ्या वळणाआधी ही बस तीन सुरांचा कर्णा वाजवते. ज्या रस्त्यावर निळ्या फलकावर पिवळ्या कर्ण्याचे चिन्ह असते, तिथे बसला प्राधान्य असते आणि बसच्या चालकाने खूण केल्यास इतर गाड्यांनी, प्रसंगी मागे घेऊनसुद्धा, वाट द्यायची असते. चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यावे, हा नियम आपल्या घाटांतही आहे. मात्र बससमोर तो लागू पडेलच असे नाही, हे ठाऊक असलेले बरे. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे आपले जुने चालक सांगत आले आहेत. भाड्याच्या स्वयंचलित गिअरच्या गाडीत लोक ते विसरतात, सगळा उतार ब्रेकवर पाय ठेवून उतरतात, आणि खालच्या थांब्यावर तापलेल्या ब्रेकचा वास येत राहतो. गाडी ताब्यात घेतानाच खालचा गिअर हाताने कसा टाकायचा, हे विचारून घ्यावे.

गर्दीविषयीही लिहिले पाहिजे. ऑस्ट्रियातील हालश्टाट या तळ्याकाठच्या गावाची वस्ती आठशेच्या आत आहे आणि उन्हाळ्यात तिथे एका दिवसात हजारो माणसे येऊन जातात. पर्यटक बसना तिथे २०२० पासून आधी वेळ आरक्षित करावी लागते. स्वित्झर्लंडमधील इझेल्टवाल्डला एका कोरियन मालिकेमुळे इतकी माणसे लोटली, की तळ्यावरच्या छोट्या धक्क्यावर जाण्यासाठी गावाला पाच फ्रँकचे शुल्क लावावे लागले. अशा गावी दुपारी तासाभरासाठी जाऊन गर्दीत भर घालण्यापेक्षा तिथे रात्रभर राहावे. मुक्कामाचे पैसे गावात राहतात, आणि सकाळी बस येण्यापूर्वीचे गाव आपल्यालाही दिसते. रोज एक गाव करण्याचा हट्ट यासाठी सोडावा लागतो आणि तो सोडावाच, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या पुरवणीला माझी विनंती आहे की, प्रत्येक आराखड्यासोबत त्या महिन्यात कोणते घाट खुले असण्याची शक्यता आहे आणि गाडी कुठे ठेवावी लागेल, एवढी माहिती आवर्जून द्यावी. स्वित्झर्लंडच्या महामार्गांसाठी ४० फ्रँकचे वार्षिक पथकर-चिन्ह घ्यावे लागते, ऑस्ट्रियाचे वेगळे घ्यावे लागते आणि ऑस्ट्रियातल्याच ग्रोसग्लोकनर या उंच घाटरस्त्याचा पथकर त्याहून निराळा असतो, हेही खर्चाच्या हिशेबात यावे. १९३५ साली खुला झालेला, ४८ किलोमीटरचा आणि ३६ मोठ्या वळणांचा हा रस्ता साधारणपणे मेच्या सुरुवातीला सुरू होतो, त्यामुळे शाळेच्या सुट्टीतच जाणे भाग असलेल्या कुटुंबांना उंच घाटाचा अनुभव तिथे मिळू शकतो. अर्थात रात्री तो बंद असतो आणि हवा बिघडल्यास दिवसाही बंद ठेवतात. बाकी मे महिन्यात खोऱ्यांतच राहावे. स्वित्झर्लंडमधील लाउटरब्रुनेन खोऱ्यातले धबधबे बर्फ वितळण्याच्या या दिवसांत भरून वाहत असतात, त्यांतल्या श्टाउबबाखचे पाणी जवळजवळ तीनशे मीटरवरून गावाशेजारी पडते, आणि वेंगेन व म्युरेन या वरच्या गावांना रेल्वेने जाता येते, कारण तिथेही मोटार चालत नाही.

आपली नम्र,
एक वाचक, नाशिक