जांभळी नाक्यावरच्या काटेवाल्या दादांना

दादा, नमस्कार.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "ताई, गिऱ्हाईक बघा" म्हणून विषय उडवता. म्हणून लिहितेय. नाव घालत नाही, तुम्ही बजावून ठेवलंय.

आमच्या नौपाड्यातल्या दुकानात सुटं फरसाण, मसाले, पापड-कुरडया असतात. संध्याकाळी स्टेशनावरून घरी निघालेली माणसं एकदमच येतात आणि प्रत्येकाला पाव किलो हे, शंभर ग्रॅम ते हवं असतं. अशा दुकानाला बिलाचं मशीन विकायला तुमच्याआधी बरेच जण येऊन गेले. मोठा स्क्रीन, आपोआप उघडणारा गल्ला, गिऱ्हाइकांना पॉइंट. गल्ल्यावर बसतं कोण, हे एकानंही विचारलं नाही.

ज्यांचं घेतलं ते पैसे हातात पडेपर्यंत ताई-ताई करत होते, नंतर फोन उचलेनात. त्यांच्या मशीनला प्रत्येक वस्तूचा बारकोड लागायचा. सुट्या शेवेला बारकोड कुठे चिकटवू? नेट गेलं की बिल बंद. वर बिलावर सीजीएसटी, एसजीएसटी छापून यायचं. आम्ही जीएसटीच्या कंपोझिशनमध्ये आहोत, म्हणजे छोट्या दुकानदारानं विक्रीवर ठरावीक टक्का कर स्वतःच्या खिशातून भरायचा, गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घ्यायची आम्हाला मुभाच नाही, हे सांगितलं तर म्हणे, "मॅडम, सिस्टीम तशीच आहे." मग २२ सप्टेंबर २०२५ ला दर बदलले, पाकीटबंद फरसाण १२ टक्क्यांवरून ५ वर आलं, तेव्हा त्यांना आमची आठवण झाली. नवे दर भरून देण्याचे वेगळे पैसे हवे होते! जे दर आमच्या बिलावर दिसायलाच नकोत, त्यांचे.

तुम्ही आला होतात काट्याच्या पासिंगचं, म्हणजे सरकारी तपासणी-शिक्क्याचं, बघायला. ते बिल हातात घेऊन तुम्ही कपाळाला हात लावलात. "याच्यावर 'बिल ऑफ सप्लाय' हवं, कंपोझिशनची ओळ हवी, कर नको," म्हणालात. मला वाटलं, आता हेही काहीतरी विकणार. तुम्ही काट्याची मागची बाजू फिरवून बघितलीत आणि म्हणालात, नवा काटा नको, याला पोर्ट आहे, केबल लावली की वजन थेट बिलात येईल. प्रिंटर दोन इंचीच घ्या, आपली बिलं चार ओळींची. नेट नसताना चालेल असंच घ्या. आणि मालाची यादी, हिशेब एक्सेलमध्ये काढता येतो का ते आधी विचारा, म्हणजे उद्या सोडावंसं वाटलं तर अडकून पडणार नाही. आपल्याला सोडून कसं जायचं हे आधीच सांगणारा विक्रेता मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

पण हे सगळं एकीकडे. मला आठवतं ते आईंचं. सासूबाई सकाळपासून दुपारपर्यंत गल्ल्यावर असतात. आधीच्या माणसानं त्यांच्यादेखत मला सांगितलं होतं, "आजींना नाही जमणार, एखादा मुलगा ठेवा." आई काही बोलल्या नाहीत, पण त्या मशीनला त्यांनी नंतर कधी हात लावला नाही. तुम्ही तेलाचा रिकामा डबा पालथा घालून त्यांच्या शेजारी बसलात. "काकू, याला तुम्ही काय म्हणता?" असं एकेका बरणीचं विचारत गेलात आणि त्या म्हणतील तसं मराठीत टाइप करत गेलात. बटणंही बरण्या मांडल्यात त्याच क्रमानं लावलीत. त्यामुळे आमच्या बिलावर आज "पिवळी जाडी" आणि "लसणाची, तिखटवाली" असं छापून येतं. गिऱ्हाइकं हसतात. हसू देत. आई चष्मा न शोधता बिल काढतात आणि मी काढायला गेले तर "तू थांब" म्हणतात.

अशी माणसं असतात अजून. कमी किमतीची गोळीही चालेल सांगणारा मेडिकलवाला, "शिवून होईल, नवी कशाला घेता" म्हणत चप्पल हातात घेणारे मामा. यांना विकायचं नसतं असं नाही, पोट त्यांनाही आहेच. पण समोरच्याला काय लागतं ते ते आधी बघतात. गुळगुळीत माहितीपत्रकं घेऊन फिरणाऱ्यांना हे कुणी शिकवत नसावं.

आणि दादा, केबलचे पैसे तुम्ही अजून घेतलेले नाहीत. या आठवड्यात येऊन घेऊन जा. नाहीतर आई स्वतः नाक्यावर येणार आहेत, आणि त्या आल्या की पैसे देऊन गप्प परत जाणाऱ्यातल्या नाहीत.