गावसभा कोणाची आणि दप्तर कोणाचे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ग्रामसभांच्या दुरवस्थेवर जो लेख आला, त्यात कोरमअभावी तहकूब होणाऱ्या आपल्या ग्रामसभांपुढे अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंड भागातल्या जुन्या ‘टाउन मीटिंग’चा, म्हणजे गावसभेचा, आदर्श ठेवला आहे. तिथे ‘सारा गाव एकत्र बसे’, असे लेखक म्हणतात. ग्रामसेवक म्हणून करवीर तालुक्यात ३२ वर्षे काढल्यामुळे कोरमचे दुःख मला कोणी सांगायला नको. सह्यांची वही घरोघर फिरवून सभा ‘झाल्या’चे पाप मीही केले आहे. तरीही त्या आदर्शाची एकच बाजू छापली गेली असे वाटल्याने हे पत्र लिहीत आहे.

लेखातले वर्णन खोटे नाही. सतराव्या शतकापासून न्यू इंग्लंडमधल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीतली गावे सभेला जमत, पंच आणि कारकून निवडत, कर बसवत, रस्ते, शाळा व कुंपणे यांचे निर्णय घेत. मोकाट डुकरांवर नजर ठेवायलासुद्धा माणूस निवडला जाई. मात्र याच वसाहतीने १६४१ सालच्या आपल्या कायद्यांत, न्याय्य युद्धात पकडलेले कैदी आणि ‘आम्हांला विकलेले परके’ यांना गुलाम म्हणून ठेवण्याची मुभा लिहून ठेवली होती. गुलामगिरी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर दक्षिणेतली कापसाची शेते येतात. तिकडे अशी गावसभा नव्हतीच. कौंटीचे, म्हणजे जिल्ह्याचे, न्यायाधीश, जे बहुधा स्वतःच मळेवाले असत, आणि रात्रीची गस्त यांच्या जोरावर सारे चाले. उत्तरेत गुलाम संख्येने थोडे होते, त्यामुळे त्यांचा बंदोबस्त रोजच्या गावकारभारातच मिसळून गेला, आणि मला त्याच गोष्टीचे महत्त्व अधिक वाटते.

मॅसॅच्युसेट्सच्या १७०३ सालच्या कायद्याचे पाहा. गुलामाला मुक्त करायचे तर मालकाने गावच्या खजिनदाराकडे किमान ५० पौंडांचा जामीन द्यायचा. कारण असे की, निराधारांना पोसण्याचा भार त्या त्या गावाच्या करावर पडत असे आणि उद्या हा माणूस थकला तर खर्च कोणी करायचा, ही गावाला धास्ती होती. म्हातारा झालेला गुलाम ‘मुक्त’ करून गावाच्या गळ्यात घालणारे मालक होतेच, तेव्हा कायद्याचा हेतू अगदीच गैर होता असे मी म्हणणार नाही. परंतु आयुष्यभर राबवून घेतलेल्या माणसाची सुटका अखेर जमाखर्चाच्या वहीत अडकली, हेही खरे. त्याच सुमारास काळ्या व इंडियन (म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवासी) गुलामांना रात्री नऊनंतर बाहेर फिरण्यास मनाई झाली. शेजारच्या कनेक्टिकटात तर १६९० पासूनच गावची हद्द ओलांडायला काळ्या माणसाजवळ चिठ्ठी लागत होती. मॅसॅच्युसेट्समध्ये मुक्त काळ्या पुरुषांना गावच्या लष्करी कवायतीला घेत नसत. १७०७ च्या कायद्याने त्याऐवजी त्यांच्याकडून रस्तेदुरुस्ती करून घेण्याचा अधिकार गावच्या पंचांना मिळाला. आमच्याकडे याला वेठ म्हणत.

सर्वांत जास्त अस्वस्थ करतो तो न्यूयॉर्कचा १७९९ सालचा कायदा, कारण तो मुक्ततेचा कायदा होता. त्या वर्षीच्या ४ जुलैनंतर गुलाम आईच्या पोटी जन्मलेले मूल स्वतंत्र ठरले, पण मुलग्याने २८ आणि मुलीने २५ वर्षांची होईपर्यंत आईच्या मालकाकडेच राबायचे होते. मूल जन्मले की नऊ महिन्यांच्या आत मालकाने गावच्या कारकुनाकडे नोंद करायची: मालकाचे नाव व व्यवसाय, मुलाचे नाव, वय, लिंग. जन्म-मृत्यूचे रजिस्टर मी इतकी वर्षे माझ्या हाताने भरले, त्यामुळे या नोंदींकडे माझे लक्ष आपोआप जाते. बापाचे नाव कायद्याने मागितलेलेच नव्हते. मालकाला मूल नको असेल तर त्याने तसे लिहून द्यायचे. मग ते मूल गावच्या गरीबखात्याकडे जाई आणि त्याच्या पोषणाला सरकार महिना साडेतीन डॉलरपर्यंत देई. काही मालकांनी मूल कागदावर सोडायचे, पुन्हा आपल्याच घरी ठेवून घ्यायचे आणि वर हा भत्ताही उचलायचा, असे केले. योजनेतली फट शोधणारे लोक सगळ्या देशांत सारखेच असतात!

या गावसभांतून विरोधाचा आवाज निघालाच नाही, असे मात्र नाही. १७७८ साली मॅसॅच्युसेट्सच्या संविधानाचा जो मसुदा गावोगाव मतासाठी आला, त्यात निग्रो, इंडियन आणि मिश्रवंशीय यांना मताधिकार नाकारला होता. सटन गावाने त्यावर कडक शब्दांत लेखी हरकत घेतली. मसुदा फेटाळला गेला, त्याला इतरही कारणे होती.

लेखात मॅसॅच्युसेट्समधल्याच शेफिल्ड गावाचे नाव नाही, ते यायला हवे होते. १७७३ च्या जानेवारीत तिथल्या समितीने सर्व माणसे निसर्गतः समान आणि स्वतंत्र असल्याचा ठराव तयार केला, तो गावसभेने मंजूर केला. समितीचे अध्यक्ष होते जॉन ॲशली, आणि बैठक त्यांच्याच घरी झाली. त्याच घरात बेट नावाची स्त्री गुलाम होती. मालकिणीने उगारलेले चुलीतले तापलेले फावडे तिने आपल्या हातावर झेलले आणि तो व्रण ती पुढे लोकांना दाखवी, असे सांगतात. १७८१ मध्ये तिने ॲशलींविरुद्ध दावा लावला आणि ग्रेट बॅरिंग्टनच्या न्यायालयात ज्यूरीने तिला स्वतंत्र ठरवून ३० शिलिंग भरपाई दिली. तिचे वकील थिओडोर सेजविक हे तो ठराव लिहिणाऱ्या समितीचे कारकून होते. ठराव गावसभेत झाला होता. त्याचा अर्थ लागायला आठ वर्षे आणि गावाबाहेरचे न्यायालय लागले.

कोल्हापूरकरांना हे परके वाटू नये. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, ती तिथला आणि इथला प्रश्न एक जाणूनच. आपल्या गावगाड्यातही पारावर बसणारे आणि वेशीवर उभे राहणारे वेगळे होते. महार वतने आणि कुलकर्णी वतने १९१८ साली शाहू महाराजांच्या हुकमाने गेली; कोणत्या गावाने आपण होऊन तसा ठराव केल्याचे माझ्या वाचनात नाही.

लेखकमहाशयांनी पुढचा भाग लिहायचे कबूल केले आहे. ‘सारा गाव एकत्र बसे’ हे वाक्य त्यांनी त्यात दुरुस्त करावे, एवढीच विनंती.

आपला,
एक निवृत्त ग्रामसेवक,
राजारामपुरी, कोल्हापूर