या वेळी आई गाडीत बसून राहिली नाही

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हाला एकटीला पाठवता आलं असतं. पण मुद्दाम चारचौघांत लिहिते आहे, कारण व्हीलचेअरला जमतील अशा वाटांची जी यादी तुम्ही आमच्यासाठी केलीत तिची गरज कितीतरी मराठी घरांना असणार. आईवडील मुलांकडे इंग्लंडला येतात, उत्तरेकडच्या लेक डिस्ट्रिक्टला, त्या तळ्याडोंगरांच्या मुलखात, जायचं ठरतं, आणि तळ्याशी पोचलं की घरातलं एक माणूस म्हणतं, "तुम्ही जाऊन या, मी बसते गाडीत." आमच्याकडे ते माणूस म्हणजे आई. दोन्ही गुडघे गेलेले, त्यात खुब्याचं ऑपरेशन. घरात काठीवर फिरते, बाहेर व्हीलचेअर. महाबळेश्वरला वेण्णा तळ्यावरही ती हेच म्हणाली होती.

मँचेस्टरला राहणाऱ्या दादानं मंडळातल्या ओळखीतून तुमचा नंबर मिळवला, तेव्हा मला वाटलं होतं की तुम्ही चार ठिकाणांची नावं सांगाल. तुम्ही उलट आम्हालाच प्रश्न विचारलेत. आई सलग किती वेळ उभ्या राहू शकतात? खुर्चीची पुढची चाकं बारकी आहेत की मोठी? ढकलणार कोण, आणि त्याची कंबर बरी आहे ना? उतारावर आईंना भीती वाटते का? बाळाची बाबागाडी घडीची की जाड टायरची? आणि शेवटी, बाबांना किती चालायचं असतं? हा प्रश्न आमच्यापैकी कुणाला सुचलाच नसता. बाबा रोज पहाटे पर्वतीच्या बाजूला लांब फेरी मारून येतात, आणि सहलीत मात्र आईच्या सोबतीला गाडीपाशी थांबतात.

मग तुमची यादी आली. ती वाचताना मला पहिल्यांदा कळलं की लेक डिस्ट्रिक्ट नॅशनल पार्कनं अशा वाटांची एक मालिकाच तयार केली आहे, 'माइल्स विदाउट स्टाइल्स' नावाची. त्या डोंगरउतारांवर मैलोन्‌मैल गडगे आहेत, अगदी कोकणातल्यासारखे, सिमेंट न घालता दगडावर दगड रचलेले. वाट गडग्याला भिडली की तो ओलांडायला दगडी किंवा लाकडी पायऱ्या असतात, त्या स्टाइल्स. धडधाकट माणूस टांग टाकून पलीकडे जातो. आईची वाट तिथेच संपली असती. या मालिकेतल्या वाटांवर पायऱ्या नाहीत आणि प्रत्येक वाटेला अवघडपणाची श्रेणी दिलेली आहे. 'सर्वांसाठी' म्हणजे चढ १:१० पेक्षा जास्त नाही, दहा मीटर पुढे गेलं तर फार तर एक मीटर वर; वाट किमान एक मीटर रुंद, डांबरी किंवा बारीक खडी दाबून बसवलेली. 'बहुतेकांसाठी' म्हणजे ढकलणारं माणूस सोबत हवं, चढ १:८ पर्यंत. 'काहींसाठी' या वाटांना खुर्ची आणि ढकलणारा दोन्ही दणकट लागतात, म्हणून त्या तुम्ही यादीत घेतल्याच नाहीत.

पहिल्यांदा आम्ही तुम्ही सांगितल्याप्रमाणे केझिक गावी, डरवेंटवॉटर तळ्याच्या काठानं फ्रायर्स क्रॅगला गेलो. होड्यांच्या धक्क्यावरून निघालं की तळं सतत उजव्या हाताला. पलीकडे कॅटबेल्सची धार, ४५१ मीटर उंच, दादा सकाळीच ती चढून आला होता आणि आईला बोट दाखवून सांगत होता, "मी तिथे होतो." समोर दक्षिणेला बॉरोडेलची खिंड, तिच्यावर ढग. तुम्ही यादीत लिहिलं होतंत की टोकाशी झाडांची मुळं आणि खडक वर आलेत, तिथे खुर्ची थांबवा, पुढे बाक आहे, आईंना काठीनं जमेल. जमलं. तुम्ही लिहिलं नसतंत तर ती मुळं बघून आम्ही माघारी वळलो असतो.

त्या टोकाजवळ लेखक आणि कलासमीक्षक जॉन रस्किनच्या आठवणीचा उभा दगड आहे, १९०० साली बसवलेला. आणि ती जागाच मुळी कॅनन रॉन्सली यांच्या स्मरणार्थ नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे निसर्ग आणि जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे, आली. रॉन्सली हे केझिकच्या क्रॉस्थवेट चर्चचे व्हिकार, म्हणजे धर्मगुरू, आणि १८९५ मध्ये ट्रस्ट स्थापन करणाऱ्या तिघांपैकी एक. ही टेकाडं, हे काठ कुणा एकाच्या मालकीचे होऊन बंद पडू नयेत म्हणून ती मंडळी आयुष्यभर भांडली. आई त्या बाकावर बसली त्यात त्यांचाही वाटा आहे, असं मला मनापासून वाटतं.

पण ताई, बाबांसाठी तुम्ही जी वाट निवडलीत तिच्याबद्दल जास्त लिहायचंय. केझिक ते थ्रेलकेल्ड, जुन्या रेल्वेमार्गावरून, सुमारे पाच किलोमीटर. गाडी १९७२ मध्ये बंद झाली आणि रुळांच्या जागी पायवाट झाली. आगगाडीला तीव्र चढ चालत नाही, म्हणून तीच जमीन व्हीलचेअरला सोयीची. ग्रेटा नदी वाटेत पुन्हा पुन्हा आडवी येते आणि दर वेळी पुलावरून ओलांडायची. २०१५ च्या डिसेंबरात डेस्मंड वादळाच्या पुरात यातले दोन पूल वाहून गेले. नुसते पूल परत बांधून नॅशनल पार्कवाले थांबले नाहीत, हमरस्त्याच्या कामात बुजवलेला जुना बोगदासुद्धा उकरून मोकळा केला, आणि २०२० च्या डिसेंबरात वाट पुन्हा सुरू झाली. बोगद्यात शिरल्यावर आमच्या बाळानं ओरडून बघितलं, मग बाबांनीही.

तुमचा सल्ला होता की आधी बसनं थ्रेलकेल्डला जा आणि तिथून केझिककडे चाला, म्हणजे सगळी वाट हलक्या उताराची. ढकलणाऱ्याच्या दृष्टीनं याहून मोलाचं वाक्य नाही. आणि यादीत लो ब्रायरीपाशी तुम्ही दोनच शब्द लिहिले होतेत: "बॉबिन गिरणी".

बाबा अठराव्या वर्षी परळच्या गिरणीत थ्रॉसल खात्यात, म्हणजे सूतकताईत, बदली डॉफर म्हणून लागले. सुतानं भरलेल्या बॉबिनी, म्हणजे रिळं, साच्यावरून उतरवायच्या, रिकाम्या चढवायच्या, पाळी संपेपर्यंत. १९८२ च्या संपानंतर ते गिरणीबद्दल घरात फारसं बोलले नाहीत. लेक डिस्ट्रिक्टच्या जंगलातलं लाकूड, नदीच्या पाण्याची ताकद, आणि त्यावर तयार होणाऱ्या लाकडी बॉबिनी लँकेशायरच्या कापड गिरण्यांना, हे दादानं सांगितलं तेव्हा बाबा वाटेवरच थांबले. मग त्यांनी आईच्या खुर्चीचा ताबा घेतला आणि केझिक येईपर्यंत तिला थ्रॉसल खातं समजावून सांगत राहिले: धागा तुटला की कसा सांधायचा, बोटं कशी वाचवायची, जॉबरची, म्हणजे मुकादमाची, नजर कशी चुकवायची. लग्नाला पन्नासच्या आसपास वर्षं झालीत आणि यातलं बरंच आई पहिल्यांदा ऐकत होती. पूर्वीसारखी ती गाडीत बसली असती तर हे बोलणं झालंच नसतं.

टार्न हाऊज या तळ्याबद्दल थोडक्यात. तुम्ही आधीच फोन करून नॅशनल ट्रस्टची ट्रॅम्पर राखून ठेवली होतीत, ही जाड चाकांची विजेवर चालणारी गाडी. तिथल्या माणसानं आईला ब्रेक, वेग, वळणं नीट शिकवली, आणि मग आई एकटी तळ्याभोवती निघाली. जेमतेम तीन किलोमीटरची फेरी, पण चढउतार बरे आहेत. नुसती व्हीलचेअर ढकलताना दमछाक झाली असती. कुणी ढकलत नाहीये, "थांबू का?" असं विचारत नाहीये, हवं तिथे ती थांबते आहे. पोटाभोवती पांढरं धोतर गुंडाळल्यासारखा पट्टा असलेल्या काळ्या गॅलोवे गाई दिसल्या तिथे ती इतका वेळ थांबली की आम्ही पुढे जाऊन परत आलो. हे तळं मुळात तीन लहान तळी बांध घालून एक केलेलं आहे, आणि ही जागा ट्रस्टला मिळाली ती बालकथालेखिका बिअट्रिक्स पॉटर यांच्यामुळे; त्यांनी १९३० मध्ये सगळी इस्टेट घेऊन अर्धी ट्रस्टला विकली. माणसानं घडवलेली जागा इतकी देखणी असू शकते, हे मला तिथे पटलं.

तुमच्या सासूबाईंच्या रडार किल्लीचे आभार वेगळे मानते. सार्वजनिक अपंग-स्वच्छतागृहांची ती जाडजूड किल्ली हातात होती म्हणून आईनं तिथे पोटभर पाणी प्यायलं. एरवी बाहेर पडताना ती सकाळपासून घोटभरच पाणी घेते. ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांना याचा अर्थ सांगायला नको.

मला आता वाटतं की अशी यादी आपल्याकडच्या जागांची कुणीतरी करावी. पायऱ्या किती, कठडा आहे का, चढ कसा, बाक कुठे, स्वच्छतागृहाचं दार केवढं रुंद. कासची, वेण्णा तळ्याची, कोकणातल्या किनाऱ्यांची. माझ्यापुरती मी पुण्याच्या आसपासच्या जागांपासून सुरुवात केली आहे, टेप घेऊन जाते. लिहिण्याची पद्धत तुमचीच उचलली आहे. मजकूर झाला की पाठवते, तपासून द्या.

तुमच्या यादीतही एक भर घाला: तीव्र उतार आला की खुर्ची उलटी फिरवून, आपण खालच्या बाजूला राहून, मागे मागे न्यावी. टार्न हाऊजला आम्ही दुसऱ्या एका कुटुंबाला तसं करताना पाहिलं आणि नंतर स्वतः करून बघितलं. आईची भीती निम्म्यानं कमी झाली.

किल्ली दादा पोस्टानं पाठवतो आहे. सोबत आईनं तुमच्यासाठी कुळथाचं पीठ आणि मेतकूट दिलंय. सासूबाईंना पिठलं पातळ आवडतं असं तुम्ही म्हणाला होतात, म्हणून पीठ बारीक दळून घेतलंय.

तुमची,
मँचेस्टरच्या दादाची पुण्यातली बहीण