हवा उणे वीस, तरी खाडी मोकळीच

लाँगयरब्येन, स्वालबार्ड
२५ फेब्रुवारी

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस सा. नमस्कार.

मागच्या रविवारी कॉलवर मी खिडकीतून खाडी दाखवली, तेव्हा बाबांनी विचारलं, "हवा उणे वीस म्हणतेस, मग पाणी हलतंय कसं?" तेवढ्यात तुमच्याकडची वीज गेली. फोनवर हे सगळं नीट सांगता आलंही नसतं, म्हणून पत्र लिहिते आहे. आई, मधला भाग कंटाळवाणा वाटला तर सोडून दे, तुझ्या कामाचं शेवटी आहे.

बाबा, तुम्ही नववीला पाण्याचं असंगत आचरण शिकवायचात. होपच्या उपकरणातलं पाणी चार अंशांपर्यंत जड होत खाली जातं, त्याहून गार झालं की हलकं होऊन वर राहतं. म्हणूनच तळं वरून गोठतं आणि मासे खाली जगतात. समुद्राला हा नियम लागू नाही. एवढं मीठ असलेलं पाणी गोठेपर्यंत जडच होत जातं, आणि ते गोठतं उणे १.८ अंशांच्या आसपास. म्हणजे इथली हवा वरचं पाणी गार करते, ते बुडतं, त्याच्या जागी खालचं जरा उबदार पाणी वर येतं, मग तेही गार होऊन बुडतं. खालची ऊब संपेपर्यंत हे चालू राहतं. आमच्या खाडीत ती संपतच नाही, कारण बाहेरून नवी येत असते.

ती येते अटलांटिकमधून. गल्फ स्ट्रीम या उबदार सागरी प्रवाहाची एक शाखा नॉर्वेच्या किनाऱ्याने उत्तरेला चढते आणि स्वालबार्डच्या, म्हणजे आमच्या या बेटांच्या, पश्चिम किनाऱ्याला घासून पुढे जाते. बाहेरच्या या प्रवाहाचं तापमान हिवाळ्यातही शून्याच्या तीन-चार अंश वर असतं. आपल्याकडे या पाण्यात कुणी बोट बुडवणार नाही, पण बर्फाच्या दृष्टीने ते कढतच. २००५-०६ च्या हिवाळ्यात वाऱ्यांनी हे पाणी पश्चिमेकडच्या फ्योर्डांत, म्हणजे डोंगरांमधल्या लांब खाड्यांत, आत ढकललं, आणि तेव्हापासून इथला हिवाळी बर्फ पूर्वीसारखा भरवशाचा राहिलेला नाही. इथले जुने लोक फ्योर्डच्या आतल्या फाट्यांवरून बिनघोर स्नोस्कूटर नेत असत. आता बर्फ दिसला तरी आधी भोक पाडून जाडी मोजतात, मगच पाय ठेवतात.

खरी गंमत मात्र उत्तरेला, जिथे वर बर्फ आहे तिथे आहे. सप्टेंबरमध्ये आम्ही स्वालबार्डच्या उत्तरेला बर्फात जहाज थांबवून सीटीडी खाली सोडला होता. सीटीडी म्हणजे तापमान, क्षारता आणि खोली मोजणारं यंत्र, ते तारेला बांधून सोडतात. पडद्यावर आधी उणे दीडच्या खालचे आकडे येतात, ते ठीकच. पण शंभर मीटरच्या पुढे तापमान चढायला लागतं, शून्य ओलांडतं, अधिक दोनच्याही वर जातं. वर आपण बर्फावर उभे, आणि पायाखाली हे. कितव्यांदाही पाहिलं तरी मला ते पटायला क्षणभर लागतो.

हे पहिल्यांदा पाहिलं नॉर्वेच्या नानसेन या संशोधकाने. 'फ्राम' नावाचं जहाज त्याने मुद्दाम बर्फात अडकवलं आणि १८९३ ते १८९६ ते बर्फाबरोबर वाहू दिलं. आर्क्टिक उथळ असावा असा तेव्हा समज होता, त्यामुळे पुरेशी लांब मोजदोरीच नेली नव्हती. खोली लागेना, तेव्हा जहाजावरचा पोलादी दोर उकलून त्याची दोरी वळली. समुद्र तीन हजार मीटरहून खोल निघाला. सुमारे दोनशे मीटर गार थराखाली शून्याच्या वरचं पाणीही सापडलं, आणि हे अटलांटिकचं, हे त्याने बरोबर ओळखलं. माझ्या मते ध्रुवाच्या किती जवळ गेला याच्यापेक्षा ही त्याची मोठी कामगिरी.

तर मग हे उबदार पाणी वर येऊन बर्फ वितळवत का नाही? मीठ येऊ देत नाही. ओब, येनिसेई, लेना या सायबेरियातल्या नद्या आर्क्टिकमध्ये अफाट गोडं पाणी ओततात. जगातल्या समुद्राच्या पाण्यापैकी जेमतेम एक टक्का आर्क्टिकमध्ये, पण नद्यांचं सुमारे दहा टक्के पाणी तिथे येतं. पावसाळ्यात आपल्या खाडीत वर गढूळ गोडं आणि खाली खारं असं असतं ना, तेच इथे, फक्त बारमाही. इतक्या थंडीत पाण्याचं वजन तापमान नाही, मीठ ठरवतं. वरचं कमी खारं म्हणून हलकं, अटलांटिकचं जास्त खारं म्हणून उबदार असूनही जड. मधला गार थर झाकणासारखा बसलेला असतो.

झाकणाखाली किती आहे म्हणाल, तर आर्क्टिकवरचा सगळा समुद्री बर्फ अनेकदा वितळवता येईल इतकी उष्णता. तुमच्या ८० कॅलरीच्या अप्रकट उष्म्यावरून, म्हणजे ग्रॅमभर बर्फाचं पाणी व्हायला लागणाऱ्या उष्णतेवरून, हिशोब करून बघा. मीटरभर बर्फ वितळवायला त्याखालचा सुमारे पंचाहत्तर मीटर पाण्याचा थर एका अंशाने गार व्हावा लागतो. खाली शेकडो मीटर जाडीचा उबदार थर आहे.

काळजी आहे ती झाकणाची. स्वालबार्डच्या पूर्वेच्या बॅरेंट्स समुद्रात ते जवळपास गेलंच आहे. तिथला हिवाळी बर्फ झपाट्याने घटला तो याच उबेमुळे. आता त्याच्या पूर्वेलाही, सायबेरियाच्या उत्तरेच्या खोल पाण्यात, मधला थर विरळ होतो आहे आणि हिवाळ्यात खालची उष्णता वर पोचू लागली आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की त्या भागात बर्फ कमी करण्यात समुद्राचा वाटा आता हवेच्या तोडीचा आहे. त्यात एक दुष्टचक्रही आहे. बर्फ कमी झाला की वाऱ्याला पाणी घुसळायला मोकळी जागा मिळते, आणि घुसळलं की झाकण आणखी फाटतं.

उन्हाळ्याची गोष्ट वेगळी, तिथे उष्णता वरूनच येते. बर्फावरचं हिम बहुतेक ऊन परतवतं, उघडं पाणी नव्वद टक्क्यांहून जास्त शोषतं. २००७ साली अलास्काच्या उत्तरेच्या ब्यूफर्ट समुद्रात काही ठिकाणी बर्फाचा खालचा भाग एका उन्हाळ्यात दोन मीटरहून अधिक वितळला, तो उन्हाने तापलेल्या अशाच पाण्याने.

काकांनी ग्रुपवर टाकलेला 'आर्क्टिक वितळलं की कोकण बुडणार' हा मेसेज मात्र पुढे पाठवू नका. तरंगणारा बर्फ वितळल्याने पातळी जवळजवळ वाढत नाही, हे आर्किमिडीजच्या हिशोबाने तुम्हीच सांगाल. पातळी वाढते ती जमिनीवरचा बर्फ समुद्रात गेल्याने आणि तापलेलं पाणी फुगल्याने. ते दोन्ही चालू आहेच, त्यामुळे काकांनी निर्धास्तही होऊ नये.

दक्षिणेकडे, अंटार्क्टिकाभोवती, हे झाकण मुळातच कच्चं. १९७४ ते १९७६ वेडेल समुद्रात ऐन हिवाळ्यात बर्फाला भगदाड पडलं होतं, महाराष्ट्राहून थोडंसंच लहान. खालचं उबदार पाणी वर येत राहिलं आणि बर्फ धरलाच नाही. २०१६ पासून तिथला बर्फ एकदम घसरला. २०२३ च्या हिवाळ्यातला सर्वाधिक विस्तार जेमतेम १.७ कोटी चौरस किलोमीटर भरला, उपग्रहांच्या नोंदी १९७९ ला सुरू झाल्यापासूनचा नीचांक. वारा, मीठ आणि खालची उष्णता यांत कुणाचा वाटा किती, यावर आमच्या चहाच्या टेबलावर भांडणं होतात.

आणि हो, इथून शंभरेक किलोमीटरवर नी-ऑलेसुंडला आपलं, म्हणजे भारताचं, 'हिमाद्री' संशोधन केंद्र आहे, २००८ पासून. २०१४ साली आपल्या लोकांनी तिथल्या फ्योर्डमध्ये 'इंडआर्क' नावाची उपकरणांची माळ सोडली. अटलांटिकचं पाणी कधी आत शिरतं, किती उबदार असतं, हे ती वर्षभर पाण्याखालून नोंदवते. ते काम गोव्यातल्या वास्कोच्या ध्रुवीय संशोधन संस्थेकडून चालतं. मामाकडे गोव्याला जाल तेव्हा बाहेरून तरी बघून या.

पोरं संध्याकाळी गणिताला येतात ना, त्यांना एक प्रयोग दाखवा. शाई घालून बर्फाचे दोन खडे करा. एक साध्या पाण्याच्या ग्लासात टाका, दुसरा चार चमचे मीठ विरघळवलेल्या. दोन्ही पाणी एकाच तापमानाचं हवं. आधी कुठला वितळेल ते विचारा, बहुतेक जण मिठाचाच म्हणतील. साध्या पाण्यात निळी धार खाली उतरेल आणि खडा लवकर जाईल. खाऱ्या पाण्यात वितळलेलं गोडं पाणी वरच साचेल आणि खडा बराच वेळ टिकेल.

आई, कुळथाचं पीठ पुरवून पुरवून वापरते आहे, पण संपतच आलं. सुकट पाठवू नकोस, गेल्या वेळी वासाने अख्खा मजला दारात आला होता. मार्चअखेर पुन्हा जहाजावर जाईन, तेव्हा फोन लागणार नाही, ईमेल तेवढी जाईल. दादाला सांग, तो वाचून दाखवेल.

तुमची,
मनू