शिधा केंद्राला धान्य हवं आहे, माणसंही हवी आहेत

नाशिककरांनो, सप्रेम नमस्कार.

कोरोनाची साथ रोखण्यासाठी १४ एप्रिल २०२१ पासून ‘ब्रेक द चेन’चे कडक निर्बंध लागले आणि पंचवटीतल्या आमच्या शिधा केंद्रावर नवे चेहरे येऊ लागले. रामकुंडावर फुलं-द्रोण विकणाऱ्या बायका येतात. लग्न २५ माणसांत आणि दोन तासांत उरकायचं ठरल्यावर काम गेलेले आचारी, वाढपी येतात. सातपूर-अंबडकडे खोली करून राहणारे कंत्राटी कामगारही येतात. अंत्योदय आणि प्राधान्य गटाच्या रेशन कार्डावर मे-जून २०२१ मध्ये माणशी ५ किलो धान्य मोफत होतं. पण कार्डच नसलेल्यांनी काय करायचं? आमची पिशवी आधी त्यांच्यासाठी आहे.

पिशवीत ५ किलो पीठ, ३ किलो तांदूळ, १ किलो तूरडाळ, १ लिटर तेल, मीठ, तिखट, हळद, साखर, चहापूड आणि साबण असतो. चौघांचं आठवडाभर भागतं. पूर्वी गहू द्यायचो. खोलीवर राहणाऱ्या पोरांनी सांगितलं, पीठच द्या, दळणाला वेगळे पैसे कुठून आणायचे? तेव्हापासून पीठ.

शिधा घ्यायला आलेला माणूस आजार घेऊन घरी जाता कामा नये, याची काळजी आम्हाला धान्याइतकीच आहे. कोरोना मुख्यतः श्वासावाटे, बंद जागेत पसरतो. म्हणून वाटप मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये न करता बाहेर मांडवात करतो. फक्कीने सहा-सहा फुटांवर गोल आखलेत. नाव विचारलं की माणूस हमखास मास्क खाली ओढून उत्तर देतो, त्यामुळे आता टोकन आदल्या दिवशीच देतो आणि नाव विचारतच नाही. पिशवी टेबलावर ठेवायची, दोन पावलं मागे सरायचं, मग समोरच्याने उचलायची. पॅकिंगची आणि वाटपाची टोळी वेगळी, दोघींची गाठ पडू देत नाही. एका टोळीत कोणी आजारी पडलं तरी दुसरी काम चालू ठेवते. घरीच विलगीकरणात असलेल्यांची पिशवी दाराच्या कडीला अडकवून, खाली येऊन फोन करतो.

आता मागणं. धान्य सीलबंद, कंपनीच्या पाकिटातलंच द्या. सुटं पीठ, उघडं तेल, घरी केलेलं अन्न कृपया आणू नका. भावना कळते, पण मे महिन्याच्या उन्हात ते टिकत नाही. कपड्याचे किंवा तीन पदरी मास्क, हात धुवायला साबण आणि नळ असलेली टाकी हवी आहे. रोख देण्यापेक्षा किराणा दुकानदाराकडे थेट भरा आणि पावती आम्हाला द्या, म्हणजे हिशेब कोणालाही पाहता येईल.

सगळ्यात मोठी टंचाई हातांची आहे. आमचे बरेच कार्यकर्ते साठीच्या पुढचे, त्यांना आम्ही घरी बसवलंय. ते फोनवरून टोकनची यादी सांभाळतात. दुचाकी असलेली, धडधाकट तरुण मुलं-मुली हवीत, सकाळी दोन तास पुरेत. लस घेतली असेल तर उत्तमच. ताप, खोकला, अंगदुखी असेल किंवा घरात कोणी पॉझिटिव्ह असेल, तर मात्र येऊ नका. त्या दिवशी न येणं हीसुद्धा मदतच आहे.

शिधा घेणाऱ्यांचे फोटो काढले जाणार नाहीत. देणगीदारांनीही तो आग्रह धरू नये, ही हात जोडून विनंती.

सामान सकाळी आठ ते दहा या वेळेत मांडवाच्या मागच्या दाराशी द्यावं. पुढच्या दाराला रांग असते.