पुनर्विकासाची वाट पाहत वायरिंग थांबवू नका

जुन्या इमारतींतील शॉर्टसर्किटच्या आगींवरील आपला लेख वाचला. ‘एमसीबी बसवा’ हा त्यातील सल्ला योग्य, पण अपुरा आहे. एमसीबी, म्हणजे जादा भार आला की आपोआप बंद होणारी कळ, वायर वाचवते. माणूस वाचवायला आरसीसीबी, म्हणजे प्रवाहाची गळती होताच पुरवठा तोडणारी कळ, लागते. १६ अँपियरची एमसीबी त्याहून जास्त भार आल्यावरच बंद पडते. माणसाचा जीव मात्र एक दशांश अँपियरपेक्षाही कमी प्रवाहाने जाऊ शकतो. घरगुती आरसीसीबी ३० मिलीअँपियर (०.०३ अँपियर) गळतीला पुरवठा तोडते, आणि अर्थिंग (गळलेला प्रवाह जमिनीत नेणारी तार) नसले तरी शरीरातून जमिनीकडे जाणारी गळती ती ओळखते. गिरगाव-लालबागच्या चाळींत हे विशेष मोलाचे आहे. तिथे आजही लाकडी पट्टीवरचे दोन तारांचे वायरिंग दिसते, तीन पिनांच्या सॉकेटचे वरचे, अर्थिंगचे भोक कशालाच जोडलेले नसते, किटकॅट फ्यूजमध्ये (चिनी मातीच्या जुन्या फ्यूजमध्ये) सहज न वितळणारी जाड तार गुंडाळलेली असते आणि त्याच वायरिंगवर गिझर चालतो. ‘पुनर्विकासात इमारत पाडणारच आहेत, खर्च कशाला?’ म्हणत रहिवासी वर्षानुवर्षे थांबतात. नवे वायरिंग आणि अर्थिंग हवेच. पण तोवर परवानाधारक ठेकेदाराकडून प्रत्येक खोलीत आरसीसीबी तरी बसवून घ्यावी. चाळ समित्यांनी हा विषय येत्या सभेतच घ्यावा.

— एक वाचक, गिरगाव, मुंबई