मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री यांस खुले पत्र: आमचे निबंध मोजण्याआधी कुणीतरी वाचा

मा. मंत्रिमहोदय,
स.न.वि.वि.

सह्याद्रीच्या माथ्याजवळच्या एका अनुदानित महाविद्यालयात मी वनस्पतिशास्त्र शिकवते. प्राध्यापकपदासाठी दिलेली माझी कॅसची, म्हणजे बढतीच्या योजनेतली, फाइल गेल्या आठवड्यात छाननी समितीकडून परत आली. शेरा दोनच शब्दांचा आहे: 'गुण अपुरे'. एका नव्या वनस्पतीचे शास्त्रीय वर्णन करणारा माझा निबंध समितीने बाद केला. तो छापला त्या महिन्यात ते नियतकालिक विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) मान्य नियतकालिकांच्या 'केअर' यादीत होते, याचे प्रिंटआउट मी जोडले नव्हते एवढेच कारण. ही यादी यूजीसीने फेब्रुवारी 2025 मध्ये बंद केली. बंद झालेल्या यादीचे जुन्या महिन्याचे पान मी आता आणायचे कुठून? समितीला विचारले, तर 'तो तुमचा प्रश्न आहे मॅडम' असे उत्तर मिळाले. म्हणून तो प्रश्न आता तुमच्यापुढे ठेवते आहे.

छाननी कशी चालते ते आपण कधी बसून पाहिले नसेल, म्हणून सांगते. टेबलामागे तीन सदस्य होते: वाणिज्याचे एक, रसायनशास्त्राचे एक आणि शारीरिक शिक्षणाचे एक. प्रत्येक निबंधाच्या पहिल्या पानावरचा आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळख क्रमांक, पिवळ्या हायलायटरने रंगवून आणा, असे परिपत्रक आधीच आले होते. सदस्य तो पिवळा आकडा बोटाने शोधत, यादीतल्या आकड्याशी जुळवत आणि टिक करत. जुळला नाही तर फुली. माझ्या एकाही निबंधाचे दुसरे पान उलटले गेले नाही. दोष त्या सदस्यांनाही पूर्णपणे देता येत नाही, कारण शासनाने त्यांना वाचायला बसवलेलेच नव्हते. विषयतज्ज्ञ पुढच्या टप्प्यावर असतात म्हणे, पण तिथपर्यंत फाइल पोचली तर ना!

त्या फुली मारलेल्या निबंधात काय होते? आमच्या कातळसड्यांवर पावसाळ्यात गेंद फुलतो. कासच्या पठारावर लोक ज्या पांढऱ्या टाचणीच्या डोक्यांसारख्या फुलांचे फोटो काढतात, तोच. शास्त्रीय भाषेत इरिओकॉलॉन. याच्या जाती नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाहीत. काही मिलिमीटरच्या फुलोऱ्यातली नरफुले आणि मादीफुले सुईने वेगळी करायची, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पाकळी पसरायची, बियांच्या सालीवरची नक्षी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. ते यंत्र आमच्याकडे नाही. दुसऱ्या संस्थेत शुल्क भरून फोटो काढून घ्यावे लागतात आणि ते शुल्क मी पगारातून भरते. सड्यावरून आणलेला नमुना वर्तमानपत्राच्या घड्यांमध्ये दाबून ठेवायचा आणि भर पावसाळ्यात रोजच्या रोज कागद बदलायचा, नाहीतर दुसऱ्याच दिवशी बुरशी धरते. आमच्या स्वयंपाकघरात गॅसच्या शेजारी पावसाळाभर हे कागद वाळत असतात. मग तो नमुना शीटवर चिकटवून, लेबल लावून पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, जमा करायचा, म्हणजे शंभर वर्षांनी कुणाला शंका आली तर तो उघडून पाहता येईल. एवढे सगळे झाल्यावर आपला गेंद आधीच कुणी वर्णन केलेल्या सगळ्या गेंदांपेक्षा वेगळा आहे, हे सिद्ध करायचे.

गेंद फुलतो भाद्रपदाच्या आगेमागे, काही आठवडेच. नेमक्या त्याच दिवसांत आमच्याकडे अंतर्गत परीक्षा, महाविद्यालयाच्या मूल्यांकनाचे म्हणजे नॅकचे दप्तर, मतदार यादीचे काम आणि युवा महोत्सव. आई दवाखान्यात होती, तेव्हाही मी सड्यावर गेले आहे, कारण तो हंगाम गेला की पुढचा पावसाळा उजाडेपर्यंत हातात काही नाही. याबद्दल मला घरातून जे ऐकावे लागले ते इथे लिहीत नाही. पण त्या सगळ्याची किंमत शासनाच्या लेखी शून्य आहे, आणि ती शून्य ठरवायला कुणाला निबंध वाचावासुद्धा लागला नाही, हे मात्र लिहायलाच हवे.

आता हे गुण ज्या तक्त्याने ठरतात तो बघू. यूजीसीची नियमावली जुलै 2018 ची, आणि आपल्या शासनाने ती 8 मार्च 2019 च्या शासन निर्णयाने लागू केली. विज्ञानातल्या निबंधाला 8 गुण, भाषा आणि सामाजिक शास्त्रांतल्या निबंधाला 10. त्यावर इम्पॅक्ट फॅक्टरची, म्हणजे नियतकालिकातल्या लेखांना सरासरी किती संदर्भ मिळतात त्या आकड्याची, भर: नियतकालिकाला तो नसेल तर 5, एकपेक्षा कमी असेल तर 10, आणि चढत चढत दहाच्या वर गेला की 30. लेखक दोन असतील तर प्रत्येकाला 70 टक्के. दोनपेक्षा जास्त असतील तर मुख्य लेखकाला 70 आणि बाकीच्या प्रत्येकाला 30 टक्के. थेट प्राध्यापक व्हायचे तर किमान 10 निबंध आणि 120 गुण. इम्पॅक्ट फॅक्टर 'थॉमसन रॉयटर्सच्या यादीनुसार' धरावा असे 2018 च्या नियमावलीत लिहिले आहे. थॉमसन रॉयटर्सने तो व्यवसाय 2016 मध्येच विकून टाकला होता! ज्यांना हेही तपासावेसे वाटले नाही, त्यांनी आमच्या पिवळ्या आकड्यांची तपासणी लावली आहे.

हा इम्पॅक्ट फॅक्टर मुळात माणसे मोजायला निघालाच नव्हता. यूजीन गारफिल्ड यांनी 1955 मध्ये ही कल्पना मांडली आणि पुढे ती कामाला आली ती ग्रंथपालांच्या, कोणती नियतकालिके मागवावीत हे ठरवण्यासाठी. नियतकालिकातल्या मागच्या दोन वर्षांच्या लेखांना यंदा सरासरी किती संदर्भ मिळाले, एवढेच तो सांगतो. कोणत्या लेखाला किती, हे सांगत नाही. आणि दोनच वर्षे! कर्करोगावरच्या उपचाराचा लेख दोन वर्षांत शेकडो ठिकाणी उद्धृत होतो, कारण त्या क्षेत्रात हजारो लोक एकाच प्रश्नावर काम करत असतात आणि तिथले काही इम्पॅक्ट फॅक्टर शंभराच्या वर जातात. गेंदावर काम करणारे जगभरात मोजकेच. थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ 1901 ते 1908 या काळात छापला. आज, शतक उलटून गेल्यावरही, सह्याद्रीत नमुना ओळखायचा तर आम्ही पहिल्यांदा तोच उघडतो. दोन वर्षांच्या मोजपट्टीत कुक कुठे बसतात? शिवाय आमच्या शास्त्रात एखाद्या वनस्पतीचे नाव लिहिले, की ते नाव देणाऱ्याचेही नाव मागे येते, पण त्याचा मूळ निबंध संदर्भसूचीत द्यावा लागत नाही. म्हणजे लोक आमचे काम रोज वापरतात, आणि संदर्भ मोजणाऱ्या यंत्राला ते दिसतच नाही.

ही रड फक्त वनस्पतींची नाही. भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम 1919 मध्ये हाती घेतले आणि ते पुरे झाले 1966 मध्ये. बाराशेच्या वर हस्तलिखिते पडताळून 19 खंड. प्रमुख संपादक वि. स. सुकथनकर 1943 मध्येच गेले, पुढची तेवीस वर्षे इतरांनी काम ओढले. आमच्या तक्त्यात राष्ट्रीय प्रकाशकाच्या संपादित ग्रंथाला 8 गुण आहेत. पोथ्यांचे पाठभेद लावत बसलेल्या माणसाला आजच्या छाननीत कोण उभे करील? गणिताकडे बघा. रशियन गणिती ग्रिगोरी पेरेलमन यांनी 2002-03 मध्ये पॉइंकारे अनुमानाची सिद्धता नुसती इंटरनेटवर टाकली, कोणत्याही नियतकालिकात छापली नाही. आमच्या समितीने त्यांनाही फुली मारली असती. उलट टोक म्हणजे कणभौतिकी: हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानावरच्या 2015 च्या निबंधाला 5,154 लेखक होते, आणि 33 पानांपैकी 24 पाने फक्त नावांची. या सगळ्यांना एकच 30 टक्के आणि 70 टक्क्यांचा नियम लावायचा? सराफाच्या काट्यावर कडब्याचे भारे तोलायला घेतले, तर काटा मोडतो आणि कडब्याचे वजनही कळत नाही.

तुम्ही म्हणाल, मोजू नये का? मोजावे. जनतेच्या पैशातून पगार घेतो, हिशेब द्यायलाच हवा. पण असल्या मोजणीने काय पिकले ते बघा. 2010 मध्ये एपीआय, म्हणजे शिक्षकांच्या कामाला गुण देण्याची पद्धत, आली आणि गावोगावी नियतकालिके उगवली. पैसे भरा, आठवड्यात छापून घ्या. परिषदेच्या मांडवात 'आंतरराष्ट्रीय' फलक लावून निबंधांचे गठ्ठे छापले गेले. 2018 मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्याच अभ्यासकांनी विद्यापीठांनी यूजीसीच्या तेव्हाच्या मान्य यादीसाठी सुचवलेली 1,009 नियतकालिके तपासली, तर 88 टक्के निकषांवर टिकली नाहीत. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने 4,305 नियतकालिके यादीतून काढली. म्हणजे तोवर त्या यादीच्या भरवशावर लोक बढत्या घेऊन मोकळे झाले होते! त्यांची बढती कुणी परत मागितली? मग केअर यादी आली, तिच्यातल्या नियतकालिकांची नावे चोरून बनावट संकेतस्थळे निघाली, आणि शेवटी ती यादीही गेली. बाहेरही हेच. 2023 मध्ये हिंदावी या एकाच प्रकाशनसमूहाने आठ हजारांवर निबंध मागे घेतले. कोणत्या तरी झाडाच्या पानांचा अर्क घेऊन चांदीचे नॅनोकण बनवले, असे निबंध माझ्याच शेजारच्या विभागात दरवर्षी निघतात. झाड तेवढे बदलते. त्यातले काही चांगलेही असतील, पण ते चांगले आहेत म्हणून नव्हे, आकडा जुळतो म्हणून गुण मिळतात. आमच्याकडचा एक हुशार मुलगा वनस्पतींचे वर्गीकरण सोडून तिकडे गेला. जाताना म्हणाला, मॅडम, मला नोकरी पाहिजे. त्याला मी काय उत्तर देणार होते?

जानेवारी 2025 मध्ये यूजीसीने नव्या नियमांचा मसुदा काढला. गुणांची ही पद्धत जाणार, भारतीय भाषांतले लेखन आणि समाजोपयोगी काम अशा 'लक्षणीय योगदाना'ची दखल घेतली जाणार, असे त्यात होते. आम्ही खरोखर खूश झालो. मी आमच्या तालुक्यातल्या रानफुलांवर मराठीत पुस्तक केले आहे. वनरक्षक ते खिशात घेऊन फिरतात, शाळांतल्या सहली त्यावर चालतात. माझी फाइल मात्र तपासली गेली जुन्याच तक्त्याने, आणि पुस्तकासमोर शेरा पडला: 'लोकप्रिय लेखन, संशोधन नव्हे'. त्या पुस्तकातली प्रत्येक ओळख हर्बेरियमच्या नमुन्यावर बेतलेली आहे, नमुना क्रमांक मागे छापलेले आहेत. मागे! म्हणजे तिथवर पाने उलटली असती तर दिसले असते.

साहेब, हे एकट्या माझ्या फाइलचे भांडण राहिलेले नाही. देशाचा संशोधनावरचा खर्च 2020-21 मध्ये देशांतर्गत उत्पादनाच्या 0.64 टक्के, आणि उरलेली सगळी हौस मोजणीवर. पदे वर्षानुवर्षे रिकामी, वर्ग तासिका तत्त्वावरच्या मुलांच्या जिवावर चालतात. त्यांना महिनोन्‌महिने मानधन नाही, आणि मुलाखतीला गेले की निबंध किती ते आधी विचारतात. कोणत्या प्रयोगशाळेत करायचे होते त्यांनी निबंध? आमच्याकडे सूक्ष्मदर्शकाचा बल्ब बदलायला तीन दरपत्रके लागतात. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत क्रमांक वर जावा म्हणून प्राचार्य म्हणतात, प्रत्येकाने वर्षाला दोन निबंध द्या. निबंध म्हणजे काय दूध संघाचा कोटा आहे? प्रश्न शोधायचा आणि उत्तर येईपर्यंत थांबायचे, हे संशोधन. थांबणाऱ्याला या व्यवस्थेने आळशी ठरवले आणि छापणाऱ्याला विद्वान, आणि हे ठरवणाऱ्या मंत्रालयापासून विद्यापीठापर्यंतच्या कोणत्याही टेबलावर वाचायला सवड असलेला माणूस नेमलेला नाही.

करता येत नाही असे म्हणू नका. ब्रिटनमध्ये विद्यापीठांच्या संशोधनाचे मूल्यमापन ठरावीक वर्षांनी होते. 2021 मध्ये त्यासाठी विषयवार 34 मंडळे होती, आणि नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर वापरायचा नाही हे नियमातच लिहिले होते. तिथेही लोक कुरकुरतात, खर्च फार होतो म्हणतात, पण निबंध वाचले जातात. 2012 साली सॅन फ्रान्सिस्कोत शास्त्रज्ञांनी जाहीरनामा केला की नियतकालिकाच्या आकड्यावरून माणसाची पारख करू नका. चीननेसुद्धा 2020 मध्ये निबंधांच्या आकड्यांवर आणि त्यासाठीच्या रोख बक्षिसांवर लगाम घातला. आपल्या राज्यात निवृत्त झालेले, पण डोके आणि नजर शाबूत असलेले वर्गीकरणतज्ज्ञ, गणिती, भाषाशास्त्रज्ञ, इतिहाससंशोधक कितीतरी आहेत. त्यांना प्रवासभत्ता आणि मानधन द्या, विषयवार मंडळे करा. अर्जदाराकडून सगळा ढीग मागू नका, त्याच्या मते सर्वांत चांगली पाच कामे मागा, मग ती निबंध असोत, पुस्तक असो की हर्बेरियममधले नमुने. ती वाचून मंडळाने एक पानभर लेखी अभिप्राय द्यावा आणि तो अर्जदाराला मिळावा. नापास केले तरी चालेल. का केले ते माझ्या विषयातल्या माणसाने मला सांगावे.

आणि माझ्या फाइलपुरते: बंद झालेल्या यादीचे प्रिंटआउट नसेल तर निबंध बाद करा, असे कोणत्या शासन निर्णयात किंवा परिपत्रकात लिहिले आहे, त्याची प्रत मला लेखी उत्तरासोबत पाठवावी. तसे लिहिलेले नसेल, तर माझी फाइल विषयतज्ज्ञांपुढे ठेवण्याचे आदेश पुढचा छाननी कॅम्प लागण्याआधी काढावेत. माझ्यासारख्या ज्यांच्या फायली याच कारणाने परत गेल्या, त्यांनाही तो आदेश लागू करावा.

आपली,
एका ग्रामीण महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राची शिक्षिका